उचललेला शॉवर : वेड्यावाकड्या बाथरूमचा हिशेब

"आमच्या बाथरूमला धड चार कोपरेसुद्धा नाहीत, मग शॉवर बसवायचा कुठे?" घराचं काम काढलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतोच: "शॉवरची जागा ओट्यासारखी वर उचलली, तर खाली सामानाला कप्पे निघतील ना?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते उलट्या क्रमाने विचारले जातात असं मला वाटतं. आधी कप्पे मनात येतात, मग शॉवर, आणि सांडपाणी कुठून जाणार हे प्लंबर दारात उभा राहिल्यावर आठवतं. या प्रकरणात आपण पाण्यापासून सुरुवात करू. ओट्याची उंची किती ठेवायची, हे बहुतेक वेळा पाणीच ठरवतं.

१. वाकडेपणा येतो कुठून?

पुण्या-मुंबईतल्या जुन्या इमारतींत बाथरूमचा आकार बिघडण्याची कारणं मोजकी आहेत. सगळ्यात मोठं कारण म्हणजे डक्ट. सगळ्या मजल्यांचे सांडपाण्याचे उभे पाइप जिथून खाली जातात ती बोळकांडी अनेकदा बाथरूमचा एक कोपरा खाऊन टाकते आणि खोली इंग्रजी 'एल'च्या आकाराची होते. दुसरं कारण कॉलम. बांधकामाच्या सोयीसाठी तो जिथे हवा तिथेच येतो, मग तो तुमच्या कमोडशेजारी आला तरी बेहत्तर. तिसरं कारण जिना. बंगल्यांत जिन्याखालच्या तिरक्या छताच्या जागेत न्हाणीघर कोंबलेलं असतं. आणि चौथं म्हणजे मागाहून झालेली बाथरूम: मूळच्या मोरीभोवती भिंती घालून, बाल्कनी बंद करून किंवा कोठीच्या खोलीचं रूपांतर करून केलेली.

या चौथ्या प्रकारात एक मेख असते, तिच्याकडे पुढे येऊ. आधी एक नमुना घेऊ म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

समजा बाथरूम २.४० मीटर लांब आणि १.६० मीटर रुंद आहे. दार अरुंद भिंतीत. दारातून आत पाहिलं तर समोरच्या भिंतीचा उजवा कोपरा डक्टने घेतला आहे: ७० सेमी रुंद, ६० सेमी खोल. त्यामुळे डावीकडे मागे ९० सेमी रुंदीचा कोनाडा उरतो. कमोड डक्टला पाठ लावून बसलेला आहे, वॉशबेसिन दाराजवळ डाव्या भिंतीला. शॉवरला साहजिक जागा त्या कोनाड्याची. तो पुढे ६० सेमी वाढवला की ९० सेमी रुंद आणि १.२० मीटर लांब असा पट्टा मिळतो. एका माणसाला वाकून पाय धुण्याइतपत ही जागा पुरते. ९० सेमीच्या खाली उतरलं की कोपर भिंतीला घासायला लागतं.

कागदावर नकाशा काढण्याआधी हा पट्टा खडूने जमिनीवर आखा आणि घरातल्या सगळ्यात धिप्पाड माणसाला त्यात उभं करून डोक्यावरून पाणी घेतल्यासारखं करायला सांगा. बादली-तांब्याची सवय असेल तर बादली आणि बसायचं स्टूलही त्यात ठेवून बघा. भिंती काटकोनात आहेत असं गृहीत धरू नका. गवंड्याचा गुण्या प्रत्येक कोपऱ्यात लावा, आणि रुंदी पायाशी, कमरेशी, डोक्याशी अशी तीनदा मोजा. जुन्या भिंतीत दोन सेमीचा फरक सहज निघतो, आणि काचेचं पार्टिशन मागवताना तोच फरक महागात पडतो.

२. पाण्याला खाली जायला जागा हवी

नव्या इमारतीत बाथरूमची जमीन आणि बाहेरच्या खोलीची जमीन जवळपास एकाच पातळीत दिसते. मग पाइप कुठे गेले? बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब मुळातच २० ते ३० सेमी खाली टाकलेला असतो. त्या खळग्यात पाइप बसवतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि मग फरशी. काही ठिकाणी खळगा नसतो. तिथे पाइप स्लॅबला भोक पाडून खालच्या घराच्या छताला टांगलेले असतात.

मागाहून केलेल्या बाथरूममध्ये यातलं काहीच नसतं, मघाशी म्हटलेली मेख हीच. स्लॅब सपाट, आणि खालच्या घरमालकाला त्याच्या दिवाणखान्याच्या छतात तुमचे पाइप नको असतात. मग पाइप स्लॅबच्या वरूनच न्यावे लागतात. पाइप वर, म्हणून फरशी त्याच्या वर. उचललेला शॉवर हा बहुधा असा नाइलाजातून जन्माला येतो. तो मासिकातल्या चित्रात ऐटदार दिसतो हे खरं, पण नुसत्या ऐटीसाठी सपाट बाथरूममध्ये पायरी घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ओल्या पायांनी उतरायची पायरी म्हणजे घसरायची सोय.

आपल्या नमुन्यातही खळगा नाही असं धरू.

आता जाळीखाली काय असतं ते पाहू. फरशीतल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप बसवतात. त्याच्या पोटात नेहमी थोडं पाणी साचून राहतं, आणि त्या पाण्यामुळे गटारातला वास आणि झुरळं वर येऊ शकत नाहीत. हे अडवणारं पाणी साधारण ५ सेमी खोल असावं लागतं. त्याहून उथळ असेल तर उन्हाळ्यात आठवडाभर घर बंद राहिलं की ते आटतं आणि परतल्यावर घरभर वास सुटतो. म्हणजे ट्रॅप हवा तितका चपटा करता येत नाही.

ट्रॅपपासून डक्टपर्यंतच्या आडव्या पाइपला ढाळ लागतो. ७५ मिलिमीटरच्या पाइपला ४० सेमीमागे १ सेमी उतार हे चांगलं प्रमाण. आणि शॉवरखालच्या फरशीलाही ढाळ लागतो: ६० सेमीमागे १ सेमी. इतका उतार पायाला जाणवत नाही, पण पाणी थांबत नाही.

३. पायरीची उंची काढू या

आपल्या नमुन्यात डक्टच्या भिंतीत जुन्या पाइपचं तोंड आहे आणि त्याचा तळ स्लॅबपासून ७ सेमी वर आहे. हा आकडा आपल्या हातात नाही. उभा पाइप सगळ्या मजल्यांचा असतो, त्यातला सांधा बदलायचा तर सोसायटीची परवानगी लागते आणि काम सगळ्यांचं अडतं. म्हणून हिशेब इथून सुरू होतो.

ट्रॅप डक्टच्या कुशीत, ४० सेमीवर बसवला. पाइपचा ढाळ १ सेमी. म्हणजे ट्रॅपमधून पाणी बाहेर पडतं ती कड ८ सेमीवर आली. तिच्याखाली ट्रॅपचं पोट: ५ सेमी पाण्याचा अडसर आणि ३ सेमी पाण्याला वळायला वाट. बरोबर ८, म्हणजे पोट स्लॅबला टेकलं. कडेच्या वर पाइपची जाडी, जाळी आणि फरशी मिळून ९ सेमी. जाळी आली १७ सेमीवर. तिथून ओट्याच्या पुढच्या कडेपर्यंत १.२० मीटर लांबीचा ढाळ २ सेमी. पुढची कड १९ सेमीवर.

बाथरूमच्या कोरड्या भागातही कोबा आणि फरशी मिळून ४ सेमी जाडी येणारच. १९ मधून ४ गेले, राहिले १५. म्हणजे सहा इंचांची एक पायरी, घरच्या जिन्याच्या पायरीइतकी.

आता हाच शॉवर दाराजवळ घेतला असता तर? पाइपची लांबी २.२० मीटर, ढाळ साडेपाच सेमी. बाकी आकडे तेच ठेवले तर पायरी साडेएकोणीस सेमीची होते. घराच्या जिन्यासाठी राष्ट्रीय इमारत संहिता १९ सेमीच्या वर जाऊ देत नाही, आणि इथे तर पाय ओले आणि साबणाचे. तेवढ्या साडेचार सेमीसाठी शॉवर डक्टजवळच ठेवायचा. आकार वेडावाकडा असला की शॉवर 'बसेल तिथे' ढकलण्याचा मोह होतो, पण डक्टपासून लांब सरकलेली प्रत्येक हातभर जागा पायरी वाढवत जाते.

ढाळाचं अजून एक. चौकोनी जाळी मधोमध ठेवली तर फरशीला चारी बाजूंनी आत उतार द्यावा लागतो आणि मोठ्या टाइल तिरक्या कापाव्या लागतात. वाकड्या जागेत हे काम हमखास बिघडतं. त्यापेक्षा मागच्या भिंतीलगत लांबट जाळीची पन्हळ द्यावी आणि तिचं तोंड डक्टच्या बाजूच्या ट्रॅपमध्ये सोडावं. उतार एकाच दिशेने, टाइल न कापता. पन्हळ थोडी महाग पडते, पण माझ्या मते इथे पैसे वाचवू नयेत.

४. मग खाली कप्पा निघतो का?

निघतो, पण अपेक्षेपेक्षा फार लहान. पायरी १५ सेमीची. ओट्याच्या वर दीड इंची कडप्पा धरला तर ४ सेमी, त्यावर वॉटरप्रूफिंग, मसाला आणि टाइलचे ४ सेमी. खाली उरले ७. ड्रॉवरचा तळ आणि सरकायची फट यांत २ सेमी गेले. हाती आले ५. ओट्याच्या मागच्या भागात ट्रॅप आणि पाइप आहेत, तेव्हा खोली फार तर ५० सेमी. रुंदी ८० धरली तरी एकूण जागा २० लिटर. एका मोठ्या बादलीत मावेल तेवढं सामान, तेही पसरून ठेवलेलं.

जादा साबणाच्या वड्या, ब्रश, पायपुसणी एवढ्यासाठी हा ड्रॉवर चालेल. टॉवेल त्यात ठेवू नका, कुबट होतात. ड्रॉवर करायचाच तर तो पायरीच्या दर्शनी बाजूला, कोरड्या भागाकडे उघडणारा करा, स्टेनलेस स्टीलचा किंवा पीव्हीसीचा. प्लायवूड कितीही चांगल्या प्रतीचं सांगितलं तरी इथे घेऊ नका, कापलेल्या कडांतून ओल शिरते. ड्रॉवर जमिनीला न टेकता बोटभर वर हवा, म्हणजे कोरड्या भागात कधी पाणी साचलं तरी तो भिजणार नाही. आणि तो पूर्ण बाहेर काढता यावा. मागचा पाइप तपासायची ती एकमेव खिडकी असते.

ओटा ३० सेमी करून दोन पायऱ्या केल्या तर ड्रॉवर चांगला २० सेमी उंच मिळतो. उंच छताच्या बंगल्यात, पहिली पायरी निदान ३० सेमी रुंद ठेवायला जागा असेल, तर जरूर विचार करावा. फ्लॅटमध्ये मात्र नको. कारणं पुढे येतात.

५. वजन, डोकं आणि टाकी

ओटा भरून काढायचा म्हटलं की गवंडी विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा कोबा सुचवतो. आपल्या ओट्याचं क्षेत्रफळ १.०८ चौरस मीटर, भरावाची सरासरी जाडी १४ सेमी, म्हणजे ०.१५ घनमीटर. कोब्याचं वजन घनमीटरला १,९०० किलोच्या आसपास धरलं तर भराव भरतो जवळपास २८५ किलो. चौरस मीटरला सुमारे २६५. राहत्या घराच्या बाथरूममध्ये माणसं आणि सामान यांच्यासाठी स्लॅबचा हिशेब चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरून करतात. म्हणजे माणसांसाठी राखलेली सगळी ताकद भरावच खाऊन वर हात पसरतो, आणि त्यावर टाइल व्हायच्याच आहेत.

त्याऐवजी फुगवलेल्या सिमेंटचे हलके ब्लॉक वापरले तर घनमीटरला ६०० किलोच्या जवळपास वजन येतं, म्हणजे भराव ९० किलोंवर. हे ब्लॉक पाणी पितात, तेव्हा त्यांच्या खाली आणि वर दोन्हीकडे वॉटरप्रूफिंग लागतं. पुढच्या, ड्रॉवरच्या भागात ब्लॉकच्या छोट्या भिंतींवर कडप्पा टेकवायचा. इमारत जुनी असेल तर याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. वाड्यातली लाकडी जमीन असेल तर हा ओटा करूच नका.

आता डोकं. आपल्याकडे बाथरूमवर माळा असतोच, आणि त्याचा तळ बहुधा २.१० मीटरवर. संहितेनुसार बाथरूमची किमान उंचीही तेवढीच. १५ सेमीच्या ओट्यावर चढलं की माळ्याखाली १.९५ उरतात. केस धुताना कोपरं वर जातात, ती माळ्याला लागणार. म्हणून शॉवरवरचा माळा तेवढा कापून घ्यावा लागतो, कोरड्या भागावरचा राहू द्यावा. ओटा ३० सेमीचा असता तर बीमखालीही वाकावं लागलं असतं.

उंची वाढली की हातही उंच पोचतो. खालून न पोचणारं गीझरचं बटण ओट्यावरून सहज हाताला येतं. ते बटण बाथरूमच्या बाहेरच हवं, आणि सर्किटवर ३० मिलीअँपिअरचं गळती पकडणारं सर्किट ब्रेकर बसवून घ्या. याबाबतीत "पुढच्या वेळी बघू" चालत नाही.

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्यांनी आणखी एक बघावं. गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उंचीने येणाऱ्या पाण्याला प्रत्येक मीटरमागे साधारण ०.१ बार दाब मिळतो. टाकीतली पातळी शॉवरच्या तोंडापेक्षा दीड मीटर वर असेल, तर शॉवर १५ सेमी उचलताच दाब दहा टक्क्यांनी घटतो. धार सुमारे पाच टक्क्यांनी बारीक होते. एवढं चालून जातं. पण ताटाएवढ्या रुंद शॉवरची हौस असेल तर तिथे ती पंपाशिवाय भागत नाही. हाताने धरायचा साधा शॉवर कमी दाबावरही नीट चालतो, आणि बसून आंघोळ करणाऱ्यांनाही सोयीचा.

६. सामानाची खरी जागा

ओट्याखाली जागा नाही म्हटल्यावर निराश होऊ नका. ज्या वाकडेपणाने शॉवरची जागा खाल्ली, तोच सामानाला जागा देतो.

पहिली जागा शॉवरच्या मागच्या भिंतीची. ती भिंत फोडून कोनाडा करायला गवंडी तयार असतोच, पण ती बाहेरची असेल तर पावसाळ्यात ओल आत येते, आणि जुन्या इमारतीत ती भार पेलणारीही असू शकते. त्यापेक्षा तिला लागून १२ सेमी जाडीची, १.१० मीटर उंचीची अर्धी भिंत बांधा. शॉवरचे गरम-गार पाण्याचे पाइप तिच्या आतून जातात, जुन्या भिंतीला छिन्नी लागत नाही. वरच्या कडेला शँपूच्या बाटल्या राहतात, आणि आत ३० सेमी रुंदीचा कोनाडाही ठेवता येतो. ओटा १.०८ मीटर लांब उरतो, तेवढ्याने अडत नाही. कोनाड्याच्या तळाला बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ द्यायला विसरू नका. साबणाच्या पाण्याचं डबकं याच ठिकाणी साचतं.

दुसरी जागा कमोडच्या डोक्यावरची. डक्टचं ते तोंड ७० सेमी रुंद आहे. १.२० मीटरपासून माळ्यापर्यंत २० सेमी खोलीचं कपाट तिथे बसतं, आणि टॉवेल, धुण्याची पावडर, औषधं, सगळं त्यात जातं. ओट्याखालच्या ड्रॉवरच्या कितीतरी पट जागा. दोन गोष्टी सांभाळा. डक्टची भिंत साडेचार इंची असते आणि मागे लगेच पाइप असतात, तेव्हा लांब स्क्रू ठोकू नका, कपाटाचा भार बाजूच्या भिंतीवर घ्या. आणि डक्टची खिडकी कपाटाने झाकू नका. प्लंबरला तिथूनच आत जावं लागतं.

शॉवर आणि कमोड यांच्यामध्ये ओट्याची ६० सेमी बाजू उघडी राहते. तिथे तेवढीच रुंद, टफन केलेली, न उघडणारी काच लावा. पुढची ९० सेमी बाजू येण्या-जाण्याला मोकळी. काचेचं सरकतं दार या मापात नको, त्याची खाच साबणाने भरते आणि कुणी घासत नाही. पुढच्या कडेला २ सेमीचा उंबरठा द्या. पायरीची कड वेगळ्या रंगाच्या खरखरीत पट्टीने उठून दिसावी. घरात वयस्कर माणसं असतील तर कडेजवळ, त्यांच्या कमरेच्या उंचीला, धरायला स्टीलचा दांडा लावा. तो टॉवेल अडकवायच्या दांड्यासारखा नुसत्या दोन स्क्रूंवर नसावा, माणसाचं वजन पेलणारा हवा.

७. टाइल लावण्याआधी

उचललेला ओटा गळाला तर पाणी आधी तुमच्या ड्रॉवरमध्ये येतं आणि मग खालच्यांच्या छतात. वॉटरप्रूफिंग करताना ओटा म्हणजे एक परात आहे असं समजा: तळ, उभ्या कडा आणि त्यांना जोडणारं वळण, सगळं एकसंध. स्लॅबवर एक थर, ओट्यावर दुसरा. कोपऱ्यात काटकोन न ठेवता सिमेंटची गोलाई द्यायची, कारण लेप फाटतो तो कोपऱ्यातच. लेप भिंतींवर निदान ३० सेमी चढवायचा, आणि पाणी थेट पडतं तिथे डोक्याच्या उंचीपर्यंत. ट्रॅपभोवतीची कड सगळ्यात कच्ची असते. ती प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाला दोघेही एकमेकांवर टाकतात, तेव्हा ती कोण करणार हे आधीच ठरवून घ्या.

सोसायटीला लेखी कळवूनच काम सुरू करा. फ्लॅटमधल्या न्हाणीघरातून झालेल्या गळतीचा खर्च सहसा त्या सदस्यालाच करावा लागतो.

लेप वाळल्यावर जाळीचं तोंड बंद करून ओट्यावर दोन-तीन सेमी पाणी भरा आणि पातळीला भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारा. निदान २४ तास, जमलं तर ४८ तास ठेवा. उन्हाळ्यात थोडं पाणी वाफेने कमी होतं, म्हणून शेजारी एका भांड्यात तेवढंच पाणी ठेवून दोन्हींची घट ताडून पाहा. याच काळात खालच्या घरी जाऊन छत आणि डक्टलगतची भिंत हाताने चाचपून या. पाइप झाकले जाण्याआधी मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. मागाहून दांड्यासाठी ड्रिल करताना तेच उपयोगी पडतात. हे झाल्याशिवाय गवंड्याला टाइलचा खोका उघडू देऊ नका, त्याने कितीही घाई केली तरी.